रूळ कुणासाठी येतात? वरोऱ्याच्या कोळसा-लाईनची गोष्ट

(केळशी इथं झालेल्या वाड्यावाड्यांच्या बैठकीत संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण. जे बैठकीला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी बोललं तसंच, थोडं आवरून, इथं देत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाडीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज रेल्वेबद्दल बोलणार असं आम्ही सांगितलं तेव्हा काहीजण हसले. केळशीला कुठली रेल्वे? इथं आहे ती खाडी आणि दापोलीची एसटी. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली, ती गेली खेड-चिपळूणवरून. आपल्या वाड्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी अजून आगगाडीत पाय ठेवलेला नाही. मग आपल्याला रेल्वेचं काय पडलंय?

पडलंय ते असं. आपल्या दापोली-मंडणगडच्या डोंगरांत बॉक्साईट आहे. हे काही गुपित नाही, सरकारच्या भूगर्भ खात्याच्या कागदांत ते लिहिलेलं आहे. अशा डोंगरांत खाणीची भाषा सुरू झाली की पाठोपाठ रस्त्याची भाषा येते, जेटीची येते, कधी रुळांची येते. आणि गावात बोललं जातं की रस्ता आला म्हणजे विकास आला, जेटी आली म्हणजे पोरांना काम आलं. आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. बाळंतिणीला डोलीत घालून नेणाऱ्या माणसांना रस्त्याची किंमत आम्ही सांगायची गरज नाही. पण सगळे रस्ते एका जातीचे नसतात. माणसांसाठी काढलेला रस्ता वेगळा, मालासाठी काढलेला वेगळा. हा फरक आधी ओळखता आला पाहिजे. म्हणून आज एका जुन्या, छोट्या, मालासाठी घातलेल्या लाईनची गोष्ट.

त्याआधी शेजारचं एक उदाहरण. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळला खताचा मोठा कारखाना आहे. पेणहून तिथपर्यंत रूळ घातलेले आहेत. त्यावरून वाघिणी जातात, खत भरून बाहेर पडतात. पण अलिबागचा माणूस पेणला जायचा तर एसटीनं नाहीतर टमटमनं जातो. रूळ डोळ्यांसमोर आहेत, गाडी जाताना दिसते, पण तिकीट मिळत नाही, कारण ती लाईन माणसांसाठी नाहीच. ज्यांच्या शेतातून रूळ गेले त्यांनाही त्यावर बसायला मिळत नाही. हे लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर दीडशे वर्षं मागं, विदर्भात चला.

वरोरा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बाबा आमट्यांचं आनंदवन तिथंच आहे. चंद्रपूर जिल्हा, जुन्या लोकांचा चांदा. हा गोंडांचा मुलूख. चांद्याला गोंड राजांचं राज्य होतं, मग नागपूरकर भोसल्यांनी ते घेतलं, मग १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं आणि चांदाही त्यांच्याकडे गेला. चारच वर्षांनी, १८५८ साली, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना चांद्याला फाशी दिलं. ते गोंड होते. ही लाईन आली ती या सगळ्याच्या नंतर. म्हणजे आधी मुलूख ताब्यात घेतला, मग माणसं दाबली, मग मोजणी आली, आणि मग रूळ आले. हा क्रम आम्ही मुद्दाम सांगतोय.

त्या वेळी मुंबईहून निघालेली जीआयपी कंपनीची रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली होती. ही कंपनी विलायतेतली. तिच्या भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी सरकारनं दिली होती. कंपनीला तोटा झाला तर ते पैसे इथल्या रयतेच्या साऱ्यातून भरायचे. वर जमीन फुकट. इंजिनं चालायची दगडी कोळशावर, आणि मुंबईच्या बाजूला तो कोळसा विलायतेतून जहाजानं यायचा. महाग पडायचा. अशात वर्धा नदीच्या खोऱ्यात, चांदा जिल्ह्यात, जमिनीखाली कोळसा सापडला.

आता कोळसा म्हटलं की आपल्याला आपली भट्टी आठवते. आपण कातकरी माणसं. दिवाळी झाली की उचल घेऊन घाटावर जायचं, झाडं तोडायची, भट्टी रचायची, माती लिंपायची, रात्ररात्र राखण करायची. आपला तो लाकडी कोळसा. वरोऱ्याचा तो दगडी, खणून काढायचा. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. काढणारा एक, वजन करणारा दुसरा आणि भाव ठरवणारा तिसराच. भट्टीवर पोती मोजून घेताना काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळं पुढची गोष्ट समजायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

१८७१ च्या सुमाराला सरकारनं वरोऱ्याला खाण सुरू केली. खाण सरकारची. पण कोळसा निघून उपयोग काय, तो बाहेर न्यायला पाहिजे. बैलगाड्यांनी किती नेणार? पावसाळ्यात त्या काळ्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत रुततं. म्हणून त्याच दशकात सरकारनं वर्ध्याच्या मोठ्या लाईनपासून वरोऱ्याच्या खाणीपर्यंत रूळ घातले. लांबी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटरच्या आसपास. केळशीहून दापोलीवरून खेड स्टेशन गाठायचं, साधारण तेवढं अंतर. नाव ठेवलं वर्धा कोल स्टेट रेल्वे. कोल म्हणजे कोळसा. नावातच सगळं आलं. माणसांचं, गावाचं, देवाचं नाव नाही, मालाचं नाव. पुढं ही लाईन चालवायलाही जीआयपी कंपनीकडेच दिली.

या वाटेवर हिंगणघाट लागतं. तिथला कापूस तेव्हा देशोदेशी माहीत होता. कापसाच्या व्यापाऱ्यांनाही ही लाईन सोयीची झाली. माणसंही तीवरून जाऊ लागली. दुष्काळात धान्य आणायलाही रूळ कामी येतात, हेही खरं. आम्ही एकच बाजू सांगतो असं व्हायला नको. पण लाईन कुणासाठी घातली आणि नंतर तिचा उपयोग कुणाकुणाला झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाटेवरचं झाड सावली देतं म्हणून कुणी वाट झाडासाठी काढली असं होत नाही.

आता रुळांखाली काय असतं ते बघा. लाकडी स्लीपर. त्या काळच्या हिशेबानं एक मैल रुळाला १,७६० ते २,००० स्लीपर लागायचे. लाकडीच धरले तर ४५ मैलांना ८० ते ९० हजार स्लीपर झाले. ही एक छोटी लाईन. सगळ्या देशाचं बघायला गेलं तर १८७० मध्ये साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास रूळ होते, १९१० पर्यंत ते ५० हजार किलोमीटरच्या वर गेले. एवढं लाकूड आणायचं कुठून? आपण जिथं राहत होतो तिथूनच.

आणि हे लाकूड हाताशी राहावं म्हणून १८६४ साली सरकारनं जंगल खातं काढलं. त्याच्या प्रमुखपदी ब्रँडिस नावाचा जर्मन साहेब आणला. १८६५ मध्ये पहिला जंगल कायदा, १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा. राखीव जंगल, संरक्षित जंगल असे भाग पाडले. काल जिथं आपण दळी करायचो, नाचणी-वरी पेरायचो, तिथं आज आपण चोर ठरलो. आपल्याला वाटतं फॉरेस्टवाला पहिल्यापासूनच होता. नव्हता. त्याचं वय आगगाडीपेक्षाही कमी आहे. रूळ आले, रुळांना लाकूड लागलं, म्हणून फॉरेस्टवाला आला. वरोऱ्याला रूळ पडत होते त्याच वर्षांत देशभर जंगलाची ही वाटणी चालली होती. या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

आपल्या कोकणात तेव्हा रूळ नव्हते, पण खाड्या होत्या. गलबतं भरभरून लाकूड, कोळसा मुंबईला जायचा. तिकडं रुळांनी केलं ते इकडं शिडांनी केलं.

जमिनीचं काय झालं? आपल्याकडे खोत होते, तिकडं मालगुजार. इंग्रजांनी गावाचा सारा गोळा करणाऱ्याला कागदावर गावाचा मालक केलं. जो कसत होता त्याचं नाव खाली गेलं, किंवा आलंच नाही. गोंडांच्या बाबतीत तर पुष्कळ ठिकाणी आलंच नाही, कारण कागद करणाऱ्यापर्यंत ते पोचले नाहीत. पडीक आणि जंगल म्हणून जे उरलं ते सरकारनं आपल्या नावावर केलं. आता अशा मुलखात रूळ घालायचे, खाण काढायची, तर जमिनीचा मोबदला कुणाला मिळणार? कागदावर ज्याचं नाव त्याला. ज्याची नांगरट त्याला नाही. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, मालगुजारी १९५० च्या कायद्यानं. पण रुळांची, खाणीची जमीन त्याच्या कितीतरी आधी गेलेली होती.

पुढची गोष्ट नीट ऐका, आजच्या भाषणाचं सार त्यात आहे. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. म्हणजे पस्तीसेक वर्षं चालली. एक माणूस विसाव्या वर्षी कामाला लागला तर पंचावन्नाव्या वर्षी घरी बसतो, तेवढंच त्या खाणीचं आयुष्य. बापाला तिथं काम मिळालं असेल, पण मुलाला तिथं काम नव्हतं. आणि रूळ? रूळ बंद झाले नाहीत. ते पुढं सरकले, बल्लारपूरच्या नव्या खाणीकडे. पुढं १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेठ रूळ जोडले गेले आणि कोळशाची ती आखूड लाईन दिल्ली-मद्रास या मोठ्या मार्गाचा तुकडा झाली. आज त्यावरून लांब पल्ल्याच्या गाड्या सुसाट जातात. रूळ होते म्हणून आणखी खाणी निघाल्या. खाणी होत्या म्हणून १९८० नंतर चंद्रपूरला विजेचं प्रचंड मोठं केंद्र आलं. त्याची वीज राज्यभर जाते. राख आणि धूर तिथंच राहतो.

म्हणजे बघा, खाण म्हातारी होऊन मेली, रूळ मात्र तरुण होत गेले. खाण संपली की डोंगर आपला आपल्याला परत मिळेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी वरोऱ्याकडे बघावं. एकदा वाट पडली की एक माल संपला तरी ती वाट दुसऱ्या मालासाठी वापरली जाते.

कुणी म्हणेल, लाईन बंद पडली असती, रूळ उखडले असते, तर जंगल लोकांकडे आलं असतं. तसंही झालेलं नाही. दक्षिणेत कोचीन संस्थानानं जंगलातून सागवान काढायला एक ट्राम-रेल्वे घातली होती. परंबीकुलमच्या जंगलापासून चालकुडीपर्यंत, ८० किलोमीटरच्या आसपास. १९०७ मध्ये सुरू झाली, १९६३ मध्ये बंद झाली. तिथं कादर नावाचे आदिवासी राहतात, मध, मेण, कंद गोळा करणारे, आपल्यासारखेच. सागवान गेलं, रूळ गेले. जंगल कादरांच्या नावावर झालं का? नाही. ते अभयारण्य झालं. आधी लाकडासाठी आत जायला बंदी, नंतर जनावरांसाठी आत जायला बंदी. वरोऱ्याचे रूळ राहिले, कोचीनचे गेले, पण दोन्हीकडे तिथल्या माणसाच्या हाती तेव्हा कागद आला नाही.

हे असं का होतं? त्याचं उत्तर कायद्यात आहे. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा २०१३ पर्यंत चालू होता. इंग्रज गेले, कायदा राहिला. त्याच्या १६ व्या कलमात लिहिलं होतं की ताबा घेतला की जमीन सगळ्या बोजांतून मोकळी होऊन कायमची सरकारची होते. काम संपलं, खाण संपली, म्हणून ती मूळ मालकाला परत द्यावी असं त्या कायद्यात कलमच नव्हतं. म्हणून सांगतो, जे काही भांडायचं ते ताबा जाण्याआधी. नंतर फक्त मोबदल्याच्या रकमेवर भांडण उरायचं.

आता आपण काय करायचं? घाबरायचं नाही. आणि कुणी मोजणीदार दिसला की दगड उचलायचा, असंही नाही. प्रश्न विचारायचे. रस्ता असो, जेटी असो, रूळ असोत, वाडीनं मिळून हे पाच प्रश्न विचारायचे.

एक. गाडी भरून कुठं जाणार आणि रिकामी कुठून येणार? भरलेली बाहेर जाते आणि रिकामी आत येते, तर ती मालाची वाट आहे.

दोन. आम्हाला त्यावरून जाता येईल का? पावसाळ्यात? आजारी माणसाला घेऊन? हे तोंडी नको, लिहून द्या.

तीन. माल किती वर्षं पुरेल? त्यानंतर या वाटेचं आणि खड्ड्याचं काय करणार?

चार. कुठल्या गटनंबरातून जाणार, आणि त्या गटात कागदावर नाव कुणाचं आहे?

पाच. त्या गटात राहतं कोण, कसतं कोण, पाणी कुठून भरतं? आणि त्यांची नोंद कुठं आहे?

चौथा आणि पाचवा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचे. आपल्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत आहेत. घर आपलं, जागा खोताच्या वारसाची. सातबारावर आपलं नाव नाही. अशा जागेचं संपादन झालं तर नोटीस मालकाला जाईल, पैसे मालकाला जातील आणि आपल्याला कळेल तेव्हा झाप उठवायची वेळ आलेली असेल. पण त्या १८९४ च्या कायद्यातही एक गोष्ट आपल्या बाजूची होती. ज्याचा हितसंबंध आहे अशा कुणालाही हक्क सांगता यायचा. नाव सातबारावर असलंच पाहिजे असं नव्हतं. ४ थ्या कलमाची अधिसूचना निघाली की ३० दिवसांच्या आत, ५-अ कलमाखाली, लेखी हरकत घेता यायची. तीस दिवस म्हणजे एक महिना. आपण भट्टीवर असलो तर तो महिना कळतही नाही. म्हणून प्रत्येक वाडीनं दोन माणसं नेमायची. त्यांनी महिन्यातून दोनदा ग्रामपंचायतीच्या आणि तलाठ्याच्या फळ्यावरचे कागद बघून यायचे.

काहींनी विचारलं की कोर्टानं आदिवासींची जमीन खाणीला द्यायला मनाई केली आहे ना? १९९७ साली आंध्रातल्या समता संघटनेच्या दाव्यात सुप्रीम कोर्टानं मोठा निकाल दिला, हे खरं. पण तो अनुसूचित क्षेत्राबद्दल आहे. आपला रत्नागिरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्या निकालानं आपल्याला बळ मिळतं, पण त्याच्या भरवशावर झोपून राहता येणार नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर कलेक्टरची परवानगी लागते, तो कायदा मात्र आपल्यालाही लागू आहे. कुणी आगाऊ पैसे देऊन कोऱ्या कागदावर अंगठा मागत असेल तर देऊ नका. उचल घेताना दिलेला अंगठा काय करतो, ते आपण भोगलंय.

आणि दळी, प्लॉट कसणाऱ्यांसाठी. ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची कसवणूक कायम करायचा सरकारचा निर्णय होता. पुरावा काय, असं विचारतात. फॉरेस्टवाल्यानं दंड केला असेल, तर त्याची पावती हा पुरावा. गुन्हा दाखल झाला असेल, तर त्याचा कागद हा पुरावा. ज्या पावतीनं तुमच्या आज्याला चोर ठरवलं, तीच पावती आज सांगते की तो तिथं होता आणि कसत होता. घराच्या आढ्याला, डब्यात, पिशवीत जिथं असेल तिथून ती काढा. उंदरानं खाल्ली असेल तर उरलेला तुकडा आणा.

वरोऱ्याच्या गोष्टीतला खरा फरक इथंच आहे. लाईन घालणाऱ्याकडे नकाशे होते, मोजणी होती, शिक्के होते. गोंडांकडे जमीन होती, नांगर होता, देव होते, सात पिढ्यांची वहिवाट होती. पण कागद एका बाजूला होते आणि माणसं दुसऱ्या बाजूला. त्यांच्या वेळी आजच्यासारखी संघटना नव्हती, आणि जे उठले त्यांना फाशी दिलं. आपल्याला आज एवढं तरी करता येतं की कागद आपल्या बाजूलाही गोळा करावेत आणि तेही खुंट्या पडण्याआधी.

पुढच्या अमावास्येच्या आत प्रत्येक वाडीनं तीन कामं करायची. वाडीतल्या सगळ्या घरांची यादी, कोण किती वर्षं राहतं त्यासह. दळी, प्लॉट, झरे, मसणवटा, देवाची जागा यांचा एक हातानं काढलेला नकाशा. पोरं काढतील, म्हाताऱ्यांनी दाखवायचं. आणि हाती असलेल्या सगळ्या पावत्या. भट्टीवर जाणाऱ्यांनी आपले कागद मागं राहणाऱ्या शेजारणीकडे ठेवून जायचे, बरोबर नेऊन हरवायचे नाहीत. पुढच्या बैठकीला हे सगळं घेऊन या. आम्ही एकेक कागद वाचून दाखवू आणि त्याच्या नकला काढू. एक नक्कल तुमच्याकडे, एक संघटनेकडे, एक तहसीलदाराकडे पोच घेऊन.

जिंदाबाद.